बाहेर जेवायचंय आणि वजनही उतरवायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी रात्री आठ ते दहा माझा फोन गप्प बसत नाही. मेन्यूकार्डाचा तिरका काढलेला फोटो येतो आणि खाली एकच ओळ: "मॅडम, यातलं काय चालेल?" वेटर डोक्यावर उभा असताना सविस्तर उत्तर देता येत नाही. म्हणून वजन उतरवण्याच्या आमच्या बारा आठवड्यांच्या बॅचमध्ये पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत. कॅलरीचे आकडे ढोबळ आहेत, कारण प्रत्येक आचाऱ्याचा हात वेगळा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी यातलं काहीही करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर प्रश्न १६ आधी वाचा.

१. वजन कमी करायचं म्हणजे बाहेरचं खाणं पूर्ण बंदच का?

नाही. पण काय खायचं याच्या आधी किती वेळा खायचं, हा हिशेब करा. समजा तुम्ही रोज गरजेपेक्षा ४०० कॅलरी कमी खाताय. आठवड्याची तूट झाली २,८००. हॉटेलातलं नेहमीचं जेवण, म्हणजे सूप, स्टार्टर, एक पंजाबी भाजी, दोन नान, थोडा भात आणि शेवटी गोड, घरच्या जेवणापेक्षा सहज ७०० कॅलरींनी जास्त भरतं. आठवड्यात असं एकदा झालं तर २,१००ची तूट शिल्लक राहते आणि वजन उतरत राहतं. तीनदा झालं तर ७०० उरतात. चारदा झालं की शून्य.

"सगळं पाळतेय, तरी काटा हलत नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांचं उत्तर या चार वेळांत सापडतं. त्यातली एक वेळ हमखास ऑफिसखालच्या दोन समोशांची आणि वर घेतलेल्या कोल्ड्रिंकची असते. ती 'बाहेर जेवलो' मध्ये कुणी धरतच नाही.

माझा सल्ला: आठवड्यातून एकदा मनासारखं, आणि फार तर आणखी एकदा आटोपशीर. मनासारखं जेवतानाही ज्या पदार्थासाठी गेलात तो खा, न मागता सोबत येतं ते सोडा. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

२. पनीरची भाजी घरीही करतो, हॉटेलातही तीच. मग एवढा फरक कसा पडतो?

मलाही आधी अतिशयोक्ती वाटायची. एकदा पार्सल आणलेल्या पनीर मसाल्याची उरलेली वाटी रात्री फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी झाकण काढलं तर वर नारिंगी साय धरल्यासारखा थर. चहाच्या चमच्याने कडेकडेने उचलला, तीन चमचे भरले. आणि हा फक्त गोठणारा भाग होता. लोणी, वनस्पती तूप आणि पामतेल थंडीत घट्ट होतं, पण सूर्यफुलाचं तेल पातळच राहतं. ते असलं तर खाली ग्रेव्हीतच मुरलेलं होतं. काजूची पेस्ट आणि क्रीम आणखी वेगळं.

कारण साधं आहे. हॉटेलात कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात भरपूर तेलात परतून ठेवतात. ऑर्डर आली की कढईत पुन्हा तेल किंवा बटर तापवायचं, त्यावर ती ग्रेव्ही डावाने घालायची. म्हणजे एका भाजीला दोन वेळा तेल. एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनांत प्रत्येकी ४. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास. पनीर दोन्हीकडे सारखंच असतं, फरक त्याच्या आजूबाजूला पडतो.

३. "तेल कमी घाला" सांगितलं तर ऐकतात का?

जे तुमच्यासाठी नव्याने बनतं त्यात ऐकतात: डोसा बटरशिवाय, रोटी कोरडी, डाळीवर वरचा तडका नको. जे सकाळीच तयार झालंय (प्रश्न २) त्यात आचारी बिचारा काय करणार? तिथे पदार्थच बदला. ग्रेव्हीच्या भाजीऐवजी तंदुरी किंवा कोरडी भाजी घ्या. शनिवारी रात्री नऊ वाजता गर्दीत मात्र कुणी काही ऐकेल अशी आशा ठेवू नका. साडेसातला जा.

४. काही ठिकाणी मेन्यूवर कॅलरी छापलेल्या असतात. त्या खऱ्या धरायच्या का?

तुलनेसाठी जरूर धरा. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०२२ पासून, ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या १० वा त्याहून जास्त शाखा आहेत अशा हॉटेलांना मेन्यूवर पदार्थासमोर कॅलरी लिहाव्या लागतात. गल्लीतल्या खाणावळीला हे बंधन नाही, त्यामुळे तिथे शोधू नका.

एक मेख आहे. आकडा 'पर सर्व्हिंग' असतो. तुमच्या पुढ्यात आलेली डिश म्हणजे एकच सर्व्हिंग असं नाही. पिझ्झासमोरचा आकडा कधी संपूर्ण पिझ्झ्याचा असतो, कधी एका तुकड्याचा. सर्व्हिंग किती ग्रॅमची, तेही शेजारी लिहिलेलं असतं. ते वाचा, मग आनंद माना.

५. रात्री पार्टी आहे म्हणून दुपारपासून काहीच खाल्लं नाही, तर हिशेब जुळतो ना?

कागदावर जुळतो. पण तुम्ही हॉटेलात शिरता तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात, आणि पहिल्या पाच मिनिटांत टेबलावर येतो मसाला पापड. मग "लवकर काय येईल?" असं विचारून मागवलेलं स्टार्टर, आणि लवकर येणारं जवळजवळ सगळं तळलेलं असतं. दुपारी हलकं पण नीट जेवा. निघायच्या तासभर आधी ग्लासभर ताक आणि मूठभर फुटाणे, किंवा एक उकडलेलं अंडं. टेबलावर शहाण्यासारखं वागायला तेवढं पुरतं.

६. रोज सकाळी उडप्याकडे नाश्ता होतो. तिथे काय मागवू?

दोन इडल्या आणि सांबार. एका मध्यम इडलीत ६०-७० कॅलरी. सांबार पुन्हा मागा, चटणी पुन्हा मागू नका, ती खोबऱ्याची असते. इडली-वडा मागवताना वडा 'एकच तर' असतो, पण तो एकटाच दोन इडल्यांइतका भरतो. साधा डोसा चालेल. मसाला डोसा ३५० ते ४००, आणि वर बटरचा गोळा वितळत आला असेल तर त्याहून बराच पुढे. उपमा आणि शिरा हलके वाटतात खरे, पण हॉटेलचा शिरा म्हणजे तूप-साखरेत बुडवलेला रवा. रोज फिल्टर कॉफी पीत असाल तर साखर वेगळी मागा. दिवसाला तीन कॉफ्या आणि प्रत्येकी दोन चमचे, हा हिशेब तुमचा तुम्हीच करा.

७. मिसळ आणि वडापाव सोडणं मला शक्य नाही. काही मार्ग?

सोडू नका. मिसळीत मटकी आहे, म्हणजे मुळात पदार्थ वाईट नाही. तिला जड करतात तीन गोष्टी: वरचा कट, मूठभर फरसाण, आणि न मोजता येणारे पाव. वेटरला सांगा, "मटकी जास्त, फरसाण वेगळं, कट वेगळा." कोल्हापूरकर नाक मुरडतील, मुरडू द्यात. फरसाण वरून दोन चमचे घाला म्हणजे कुरकुरीतपणा राहतो. कटाची वाटी समोर स्थिर ठेवा, मिनिटभरात लाल तेल वर तरंगतं, खालचा रस्सा चमच्याने घ्या. 'सॅम्पल' दुसऱ्यांदा मागताना आठवा की फुकट आहे ते फक्त पैशांनी. पाव दोन नाही, एक. स्लाइस ब्रेड मिळत असेल तर दोन स्लाइस म्हणजे साधारण एक पाव.

वडापाव तीनशेच्या घरात. त्याची खरी भानगड वेळेची आहे. संध्याकाळी सहाला गाडीवर उभ्याने खाल्लेला वडापाव 'काहीतरी खाल्लं' मध्ये जातो आणि रात्री साडेनऊला पूर्ण जेवण होतं. वडापाव खाल्लात ना, मग त्या रात्री पोळी-भात नको, भाजी, आमटी आणि काकडी एवढंच. गाडीवर कढईच्या तळाचा चुरा मागून घ्यायची सवय असेल, तर ती मात्र खरंच सोडा. तो निव्वळ तेल प्यायलेला बेसनाचा भुगा आहे. (मलाही आवडतो.)

८. नान, रोटी, भाकरी, भात: कमी कशात?

कोरडी तंदुरी रोटी साधारण १२०, बटर नान ३००च्या आसपास. हॉटेलात फुल प्लेट जिरा राइस मागवला तर दोघांत संपवा, तो एकट्याचा नसतो. भाकरीबद्दल मात्र गैरसमज फार आहे. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ढाब्यावरची भाकरी ताटाएवढी असते आणि वर तुपाचा हात फिरवलेला. "भाकरीच तर खाल्ली" म्हणत अशा तीन खाल्ल्या तर पोळ्यांपेक्षा जास्तच होतं. एक घ्या, सोबत पिठल्यापेक्षा पालेभाजी किंवा वांग्याचं भरीत. ठेच्यात तेल दिसतंच, चिमटीभर पुरे.

९. अनलिमिटेड थाळीला नेलं तर?

थाळीत आपण भुकेने खात नाही, वाढपी खायला घालतात. पहिल्या फेरीत वाटीत काय पडतं ते फक्त बघा. त्यातल्या कुठल्या दोन गोष्टी घरी कधी होत नाहीत ते ठरवा आणि बाकीच्या वाट्या तिथल्या तिथे परत करा. ताटात रिकामी वाटी दिसली की वाढपी ती भरणारच. पुऱ्यांऐवजी फुलके मिळतात, मागावे लागतात. गोड दोन प्रकारचं असेल तर एकच. पैसे वसूल करायची भावना मी समजू शकते, पण पाचशे रुपये खिशातून एकदा गेलेत. चौथ्या पुरीने ते परत येत नाहीत.

१०. मालवणी किंवा कोल्हापुरी थाळीत काय निवडू?

मासे म्हणजे आपल्या बाजूचा पदार्थ, पण कसे केलेत ते बघा. रवा फ्रायपेक्षा तवा फ्राय, तवा फ्रायपेक्षा तिखलं. सुरमईची तुकडी तव्यावर, एक भाकरी किंवा थोडा भात, आणि आमटी वाटीभर. खोबऱ्याची आमटी प्यायची नसते, भातावर घ्यायची असते. सोलकढीत नारळाचं दूध असतं. एक पेला ठीक, तिसऱ्याला थांबा. फुटी कढी मिळाली तर उत्तम: तिच्यात कोकम असतं, नारळाचं दूध नसतं.

कोल्हापुरी ताटात लोक तांबड्याला घाबरतात आणि पांढरा 'सौम्य' म्हणून पितात. पांढऱ्यात खोबऱ्याचं दूध असतं, बऱ्याचदा काजू-खसखसही, त्यामुळे तोही तितकाच जड. दोन्हींची एक-एक वाटी घ्या, सुकं मटण खा, चरबीचे तुकडे बाजूला काढा. आखाडात सलग तीन रविवार बोलावणं असेल तर प्रश्न १ मधला हिशेब पुन्हा वाचा.

११. संकष्टीला बाहेर उपवासाचं खाल्लं तर ते डाएटच झालं की नाही?

नाही झालं. साबुदाण्यात जवळजवळ फक्त पिष्ट असतं, प्रथिनं नावाला. त्यात शेंगदाण्याचं कूट, तूप आणि बटाटा. हॉटेलची प्लेटभर खिचडी साडेचारशे-पाचशेच्या घरात जाते आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. साबुदाणा वडा तर तळलेलाच. भगर आणि दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर हे बरं. हे काही मिळत नसेल तर दूध आणि एखादं फळ घ्या. आजी खरा उपवास करायची ती असाच.

१२. सगळ्यांसोबत गेले पण मी फक्त सॅलड आणि ज्यूस घेतला. बरोबर केलं ना?

सॅलडवर काय ओतलं होतं? पांढरं, दाट ड्रेसिंग असेल तर ते मेयोनेज, म्हणजे बहुतांश तेल. आपल्याकडचं साधं 'ग्रीन सॅलड', काकडी-टोमॅटो-कांदा-लिंबू, ते बिनधास्त. ज्यूसच्या एका ग्लासात तीन-चार मोसंबी पिळलेली असतात आणि वर साखरेचा पाक. ताजं लिंबूपाणी खारं घ्या, किंवा साधा सोडा. तीनशे मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या वर साखर असते, हे या निमित्ताने. 'मिलेट' किंवा 'मल्टिग्रेन' शब्द मेन्यूवर दिसला म्हणून कॅलरी कमी होत नाहीत. नाचणीचा केक हा केकच.

१३. मित्रांसोबत महिन्यातून दोनदा 'बसतो'. दारूचं काय?

दारू आरोग्याला चांगली असं मी सांगणार नाही, पण प्रश्न कॅलरीचा आहे म्हणून आकडे देते. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी. साठ मिली व्हिस्कीत १४०च्या आसपास, ६५० मिलीच्या साध्या बिअरमध्ये तीनशेच्या आसपास, स्ट्राँगमध्ये आणखी जास्त. व्हिस्कीत कोला घातला की साखर वेगळी.

पण खरा हिशेब पेल्यात नसून चखण्यात असतो. मसाला शेंगदाण्याची छोटी डिश, साधारण ५० ग्रॅम, तीनशे कॅलरी, आणि ती तीनदा भरते. एकदा तुमच्याच टोळीतला जो पीत नाही त्याला विचारा, कोण किती चिकन लॉलीपॉप खातं ते. त्यालाच आठवत असतं. चखण्याला उकडलेली अंडी, तंदुरी चिकन, भाजलेला पापड, काकडी मागवा आणि तळलेली डिश हात लांबवून घ्यावी लागेल इतकी दूर ठेवा. दोन पेगनंतर जेवायला काय मागवायचं, ते पहिल्या पेगच्या आधीच ठरवा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर प्रश्न १६.

१४. लग्नात, सासरी, डोहाळजेवणात आग्रह होतो. "डाएट करतेय" म्हटलं की सगळे हसतात. काय करू?

'डाएट' हा शब्दच काढू नका. तो उच्चारला की मावशी, काकू, आत्या सगळ्या एकदम डॉक्टर होतात. पानात आधी जिलबी किंवा जो काही मुख्य पदार्थ असेल तो एक घ्या, पहिला घास त्याचाच घ्या आणि करणाऱ्या माणसापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात "सुरेख झालंय!" म्हणा. निम्मा आग्रह तिथेच शांत होतो. पान रिकामं दिसू देऊ नका, अळूची भाजी आणि कोशिंबीर पुन्हा मागून घ्या. मसालेभातावर तूप वाढायला कुणी आलं की पानावर हात आडवा धरा, तोंडाने नाही म्हणत बसू नका, हाताचं लवकर ऐकतात. मठ्ठा वाटेल तितका.

सासूबाईंनी स्वतः केलेल्या पुरणपोळीला मात्र नाही म्हणू नका. एक खा, तुपासकट. महिन्यातून एकदाच्या पुरणपोळीने कुणाचं वजन वाढलेलं मी पाहिलं नाही. ताटात तिच्या शेजारी आलेली कटाची आमटी, भजी, कुरडया आणि दुसरी पोळी यांनी वाढलेलं पाहिलंय.

१५. फिरतीची नोकरी आहे, महिन्यातले पंधरा दिवस बाहेरच जेवतो. 'आठवड्यातून एकदा' मला कसं लागू होणार?

नाही होत. तुमच्यासाठी बाहेरचं जेवण हे रोजचं जेवण आहे, तेव्हा ते रोजच्यासारखंच कंटाळवाणं असू द्या. प्रत्येक गावात एक खाणावळ धरून ठेवा आणि राइस प्लेट घ्या: दोन पोळ्या, उसळ, भाजी, वरण, ताक. भात अर्धा परत करा, पापड-लोणचं नको. खाणावळीच्या मावशींना ओळख झाली की पोळीला तेल न लावता देतात, हॉटेलात हे सुख नाही. पिशवीत फुटाणे आणि दोन फळं ठेवा. एसटीच्या थांब्यावर पंधरा मिनिटं गाडी थांबते ती भज्यांसाठीच, अशी आपली ठाम समजूत आहे. उतरा, पाय मोकळे करा, चहा घ्या. रात्री लॉजवर पार्सल मागवायचं तर भूक लागायच्या आधी मागवा. उपाशीपोटी ॲप उघडलं की 'दोनशेच्या वर डिलिव्हरी फुकट' म्हणून गुलाबजामही येतो.

१६. मला मधुमेह आहे. बाहेर जेवताना औषधाचं काय?

डोस स्वतःहून बदलू नका, वगळू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो आणि हॉटेलात तो वाढतो, कारण औषध वेळेवर होतं आणि जेवण पाऊण तास उशिरा येतं. जेवणाआधीचं इन्सुलिन अशा वेळी नेमकं कधी घ्यायचं हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर हा धोका बराच कमी.

थरथर, घाम, छातीत धडधड जाणवली तर डाएट बाजूला ठेवा आणि तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. दारूमुळे यकृताचं साखर सोडण्याचं काम मंदावतं, म्हणून उपाशीपोटी प्यायलेल्या माणसाची साखर मध्यरात्रीही घसरू शकते. सोबतच्याला तुमचा आजार माहीत असू द्या, नाहीतर तो "चढलीय" म्हणून झोपवून देईल.

१७. वजनाचं इंजेक्शन सुरू केलंय. बाहेर जेवलं की मळमळतं. बंद करू का?

इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांचा. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये भारतात आल्यापासून हा प्रश्न दर आठवड्याला येतो. ही औषधं पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतात. त्यावर तेलकट, मोठं जेवण पडलं की मळमळ, ढेकर, उलटी होऊ शकते. अर्धी प्लेट मागवा, हळू खा, पोट भरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा आणि उरलेलं पार्सल करा. तुम्हाला कमी खाणं जमतच आहे, म्हणून त्या कमीतही प्रथिनं आधी: पनीर टिक्का, मासा, अंडं, डाळ. उलट्या थांबत नसतील किंवा पोटात जोरात दुखत असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

१८. मी डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवतो. ऑफिसची पार्टी चार वाजता ठेवली तर?

त्या पद्धतीत दोन जेवणं, प्रत्येकी ५५ मिनिटांत. तर त्या दिवशी दुसरं जेवण चारला करा आणि रात्रीचं सोडा, किंवा पार्टीत बिनसाखरेचा कोरा चहा घेऊन गप्पा मारा. दोन्ही चालेल. पण ५५ मिनिटं आहेत म्हणून ती भरून काढायची नसतात. बुफेसमोर हा नियम लोक नेमका उलटा वाचतात.

१९. काल रात्री बाहेर जेवलो, आज सकाळी दीड किलो वाढलं! सगळी मेहनत वाया गेली का?

नाही. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी जास्त लागतात. दीड किलोला साडेअकरा हजार. तेवढं एका रात्रीत तुम्ही खाल्लं नाहीत, मी बिल पाहिलंय. वाढलंय ते बहुतेक पाणी. हॉटेलच्या जेवणात मीठ जास्त असतं, ते पाणी धरून ठेवतं. भात-नानमधली साखर शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. शिवाय उशिरा जेवलेलं अन्न अजून पोटात आहे, त्याचंही वजन काट्यावर दिसतंच.

आज उपाशी राहू नका, नेहमीचं घरचं जेवण जेवा आणि पाणी प्या. शनिवारी बाहेर जेवत असाल तर रविवारी सकाळी काट्यावर उभंच राहू नका, बुधवारी राहा. बुधवारीही आकडा तोच दिसला, तर तो एका रात्रीचा नाही. मग प्रश्न १ मधल्या चार वेळा बोटांवर मोजा, समोशांसकट.